पुरेसाहेब

"पुरलं का?" साहेबानं विचारलं.

"पुरलं," मी म्हणाले.

तो पाण्याच्या पिंपाकडं बघत होता. मी माझ्या हातांकडं बघत होते. नखांत माती अडकली होती. आम्ही तेव्हाच ओढ्याच्या काठावरनं परत आलो होतो, सुमनचं पोरगं पुरून. त्यानं पाण्याचं विचारलं, मी पोराचं सांगितलं. शब्द एकच.

"बघा," तो म्हणाला. "मी म्हणत होतो ना, पुरेल म्हणून. माणसाला सवय लावावी लागते, बाई."

मागं छपरात सुमन बसली होती. मांडीवर दुसरं लेकरू, त्या पोराच्या जोडीला जन्मलेली मुलगी. ती मुलगी रडत नव्हती, आणि तेच वाईट लक्षण होतं.

तो साहेब आता वारला. वारला तेव्हा लातूरच्या पेपरात त्याच्यावर छापून आलं. साधी राहणी, निष्कलंक नोकरी, आयुष्यभर काटकसर, तरुणांनी आदर्श घ्यावा. नातीनं मला वाचून दाखवलं. सगळं खरं आहे. त्यानं कधी कुणाचा पैसा खाल्ला नाही, सरकारी कागदावर घरचं पत्र लिहिलं नाही, जीप स्वतःच्या कामाला फिरवली नाही. पण मी त्याच्या कामावर होते. पेपरात जे आलं नाही ते मला ठाऊक आहे. म्हणून मीही लिहून ठेवते. मी चौथी शिकलेली आहे. एवढ्या कामाला चौथी पुष्कळ झाली.

नाव लिहीत नाही. आम्ही बाया त्याला पुरेसाहेब म्हणायचो. चहा ओतायला लागलं की अर्ध्या कपाला त्याचा हात आडवा यायचा. "पुरे." पानात भाकरीचा चतकोर पडला की "पुरे." कुणी आपलं गाऱ्हाणं सांगायला लागलं आणि ते जरा लांबलं, की त्यालाही "पुरे."

लातूर जिल्हा होऊन थोडी वर्षं झाली होती. नवी कचेरी, उसन्या खुर्च्या, भाड्याच्या घरांवर सरकारी पाट्या. लोकांना वाटत होतं, जिल्हा झाला, आता सगळं जवळ आलं. साहेब जवळ आले, एवढं खरं. पाऊस आला नाही. लागोपाठ पिकं गेली. बहात्तरला जी माणसं खडी फोडत होती त्यांच्या सुना आता खडी फोडायला लागल्या. आमच्या गावाच्या खालच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं आणि औसा तालुक्याच्या त्या बाजूची सगळी कामं या साहेबाकडं आली. तो मूळचा धर्माबादकडचा. नांदेडला पुरवठा खात्यात नोकरी करून आलेला. पुरवठ्याचा माणूस आणि तोंडात कायम पुरे. काशीबाई म्हणायची, "ह्याला त्या खात्यातनं हाकलला आसंल."

काशीबाई म्हणजे आमच्या कामावरची सगळ्यांत वयस्क बाई. मराठ्यांची, घरी जमीन असलेली. त्या जमिनीत त्या साली कुसळसुद्धा उगवलं नव्हतं. तिची जीभ कुणाच्या बापाला भीत नव्हती.

मला कामावर दोन जबाबदाऱ्या होत्या. बायांना पाणी वाढायचं आणि छपरात त्यांची लेकरं सांभाळायची. लेकरांना छप्पर आणि माणसांना प्यायला पाणी द्यायचं, असा रोजगार हमीच्या कामाचा कायदाच होता. आधीच्या साहेबानं मला ठेवलं होतं. मी बौद्धवाड्यातली. पहिले काही दिवस शेतकऱ्यांच्या बाया घरनं बाटलीत पाणी आणायच्या, माझ्याकडं घ्यायच्या नाहीत. बाटली दुपारपर्यंत उन्हानं तापायची, तरी तेच प्यायच्या. माझ्या हातचं पहिल्यांदा प्यायली ती सुमन. नवी सून, अंगावर जुळी लेकरं पिणारी. तिला तहान जास्त. ओंजळ पुढं करून म्हणाली, "आक्का, वाढा." तिची सासू लांबून बघत होती. सुमन पीत राहिली. दुसऱ्या दिवसापासून सगळ्याच प्यायला लागल्या. ती मोठी सुधारक होती असं नाही. तिला तहान लागली होती.

आधीचा साहेब खाणारा होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं. टँकर कागदावर जास्त यायचे, खरे कमी. पण खरा टँकर रोज यायचा. पिंपं भरायची. उरलेलं पाणी मी दुपारी छपराच्या गोणपाटांवर मारायची. छप्पर म्हणजे चारी बाजूंनी तुराट्यांचे कूड आणि वर पत्रा. त्या पत्र्यावर नि कुडांवर ओली गोणपाटं टाकली की आत लेकरं झोपायची. नाही टाकली की आत भट्टी.

मग हा आला.

त्याची जीप कधी ऐकू यायची नाही. औशाच्या रस्त्यावरनं तलावाकडं उतार आहे. उतार लागला की तो ड्रायव्हरला गाडी बंद करायला लावायचा. तेल वाचतं म्हणून. जीप मांजरासारखी खाली यायची आणि बायांच्या पाठीशी येऊन उभी राहायची. ड्रायव्हर लातूरचा, नेहमी वैतागलेला. मला म्हणायचा, "आक्का, एक दिवस ब्रेक लागणार न्हाई नि साहेब, मी, गाडी, समदे तळ्यात. तळ्यात पाणी न्हाई म्हणून बुडणार न्हाई, एवढंच."

त्याच्या सदऱ्याची कॉलर उलटी करून शिवलेली असायची, म्हणजे विटलेली बाजू आत. चपलेला टायरचा तळ. आगकाडी तो ब्लेडनं उभी चिरून दोन करायचा. त्यातली एक पेटायची, एक मोडायची, पण त्याला वाटायचं वाचली. आलेलं पाकीट उसवून, आतली बाजू बाहेर काढून, परत चिकटवून वापरायचा. पेन्सिल बोटात धरता येईना इतकी झाली की ती बोरूच्या नळीत खोचायची. आम्ही हसायचो. आपल्या अंगावर येईपर्यंत असल्या माणसाचं हसूच येतं.

वाईट वाटतं ते याचं, की तो खोटं काही बोलत नव्हता. दुसऱ्याला एक सांगून स्वतः दुसरं करत नव्हता. कामावर आला तर बरोबर आणलेल्या गडूतलं घोटभर पाणी प्यायचा, आमच्या पिंपाला हात लावायचा नाही. म्हणायचा, "मी लहानपणी ज्वारीची पेज पिऊन शिकलो. माझं काय बिघडलं?"

काशीबाई तोंडावर पदर धरून म्हणायची, "काय बिघडलं ते ह्याला दिसंना, आमाला दिसतंय."

त्या सुमाराला वरनं काटकसरीचं परिपत्रक आलं. सगळ्या कचेऱ्यांना आलं. बाकीचे साहेब ते वाचून फायलीला लावून मोकळे झाले. त्यांना ठाऊक होतं, वरचे लोक असलं पाठवतात आणि विसरतात. हा विसरला नाही. तो कागद त्यानं खिशात घातला आणि लग्नाची पत्रिका मिळाल्यासारखा कामाकामावर फिरवला. आयुष्यभर तो एकटा जे करत होता ते आता सरकारनं चांगलं म्हटलं होतं.

पहिल्यांदा त्यानं पाणी वाढायचं वगराळं बदललं. माझ्याकडं पितळेचं मोठं होतं, एका वगराळ्यात ओंजळ भरून सांडायची. त्यानं लहान आणलं. "सांडतं ते वाया," म्हणाला. मी दोनदा वाढायला लागले. त्याला काही म्हणता आलं नाही.

मग एकदा भर दुपारी जीप गुपचूप खाली आली. मी गोणपाटांवर पाणी मारत होते.

"काय करून राहिले बाई तुम्ही?"

"छप्पर थंड करते, साहेब."

"हे पाणी पाजता कुणाला? पत्र्याला?"

"पत्र्याखाली लेकरं हायत."

"सावली आहे ना त्यांना?"

"सावली हाय, पण झळ बी हाय."

"सावली पुरे," तो म्हणाला. "उन्हाळ्यात ऊन असतंच. आता सवय नाही लागली तर ही पोरं पुढं काय करतील? थंड छपराची चटक लागली की घरी झोपायची नाहीत."

सवय आणि चटक. हे दोन शब्द तो आम्हाला नेहमी लावायचा. आम्ही अर्धपोटी राहिलो तर ती सवय, चांगली. पोटभर पाणी प्यालो तर ती चटक, वाईट. हाच माणूस गावात पाटलाच्या ओट्यावर बसायचा तेव्हा पाटलाला यातलं काही सांगायचा नाही. पाटलाच्या मळ्यात मोटार चालू होती. साहेबाच्या डोक्यात कधी आलं नाही की काटकसर तिकडंही करता येते. त्याच्या मते जास्तीचं पाणी गरिबालाच बिघडवतं.

पिंपात रोज पाणी उरतं, त्यातलंच ही बाई पत्र्यावर ओतते, हे त्याच्या मनात बसलं. म्हणजे टँकर जास्त येतो. पण तो नियमाचा माणूस. आपल्या मनानं टँकर कमी करणार नाही, विचारून करणार. त्यानं विचारलं. कुणाला विचारलं ते सांगते.

दुपारची सुट्टी होती. माणसं बाभळीखाली बसली होती. सुमनचा सासरा तिथंच होता, मुकादम होता, बाकी गावातली पाच-पंचवीस माणसं. सुमन लेकरांना पाजून छपरातनं बाहेर येत होती. साहेब तिच्यासमोर उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, पाणी पुरतं ना?"

ती काय म्हणणार. सासरा समोर, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत, परका साहेब. खाली बघून म्हणाली, "पुरतं की."

आमच्याकडं पाहुण्यानं पुरे म्हटलं की वाढणारीनं थांबायचं नसतं. जेवणाऱ्यानं पुरे म्हणायचं, ही त्याची रीत. तरी वाढायचं, ही वाढणारीची. पहिल्या पुरेला जी थांबते तिला गाव चिक्कू म्हणतं. आणि जो खरा उपाशी असतो त्याला तर लवकर पुरे म्हणावं लागतं, नाहीतर हावरा दिसतो. सुमनचं 'पुरतं' हे असलं होतं. शेंबड्या पोरालाही ते कळलं असतं. साहेबही याच मुलखातला, त्याच्या आईनंही त्याला पुरे म्हणल्यावर वाढलं असेल. पण त्यानं तो शब्द उचलला आणि खिशात घातला. पुढच्या आठवड्यापासून टँकर दिवसाआड झाला.

दिवसाआड म्हणजे काय होतं ते सांगते. पहिल्या दिवशी पाणी असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पिंपाचा तळ लागतो. तळाला गाळ. ते पाणी मी पदरानं गाळायची. बायांना थोडं-थोडं द्यायची, लेकरांना राखून ठेवायची. गोणपाटं वाळून खडखडीत झाली. लेकरं पत्र्याखाली लाल होऊन पडायची. बाया दगड फोडता-फोडता हात थांबवून छपराकडं बघायच्या, मुकादम ओरडायचा, परत घण चालू. मी मुकादमाला सांगितलं. मुकादम म्हणाला, "साहेबाचा हुकूम हाय. त्येनला जाऊन सांग."

गेलो. काशीबाई, सुमन आणि मी. कामाला सुट्टी होती त्या दिवशी औशावरनं एसटीनं लातूरला गेलो. तो कचेरीमागं एका खोलीत एकटा राहायचा. बायको-मुलं नांदेडला. खोलीत एक सतरंजी, एक स्टो, एक माठ. भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर. काशीबाईला वाचता येत नव्हतं, पण मला येत होतं. मी म्हणाले, "साहेब, हे जुनं हाय."

"एक वार पुढं धरायचा," तो म्हणाला. "आज यात शनिवार आहे, म्हणजे रविवार. नवीन घ्यायची काय गरज?"

आम्हाला त्यानं सतरंजीवर बसवलं. माझ्यासाठी वेगळी जागा दाखवली नाही, हेही लिहिलं पाहिजे. तो जात बघत नव्हता. वाटीनं पाणी दिलं, तिघींना सारखं. एक केळं होतं, ते सुरीनं कापून तुकडे केले. स्वतः घेतलं नाही.

मी म्हणाले, "टँकर रोजचा करा, साहेब. लेकरांचे हाल हायत."

"तुमच्याच बाईनं सांगितलं पुरतं म्हणून." त्यानं सुमनकडं बोट केलं. "सांगितलं की नाही तुम्ही?"

सुमननं मान खाली घातली. केळाचा तुकडा तिच्या हातात तसाच होता.

काशीबाई म्हणाली, "सून हाय ती. सासऱ्यासमूर काय म्हणंल? न्हाई पुरत म्हणंल?"

"नाही पुरत तर नाही पुरत म्हणायचं. खरं बोलायला काय हरकत आहे?" तो म्हणाला. मग माठाकडं हात केला. "हा माठ मला दोन दिवस जातो. अंघोळ ओल्या पंचानं. आहे की नाही मी जिवंत?"

"तुमी बसून पिता, साहेब," काशीबाई म्हणाली. "आमी दगड फोडून पितो."

"कष्टाला पाणी जास्त लागतं हा समज आहे."

"मग एक दिवस या की. घण देते हातात. समज जाईल तुमचा."

तो रागावला नाही. कधीच रागावायचा नाही. म्हणाला, "बाई, देश कसा चालतो ठाऊक आहे का? प्रत्येकानं थोडं थोडं कमी केलं तर चालतो. तुमच्यावर अन्याय होतोय असं समजू नका. यात तुमचाही वाटा आहे, असं समजा."

"वाटा म्हणं," काशीबाई बाहेर आल्यावर म्हणाली. "खायाच्या येळंला कधी दिला न्हाई वाटा."

औसा आल्यावर सुमन म्हणाली, "आक्का, मी तसं का म्हणले हो?"

मी म्हणाले, "सगळ्या तसंच म्हणतात."

तिथून पुढं थोडेच दिवस गेले आणि दोन्ही लेकरांना हगवण लागली. पिंपाच्या तळाचं पाणी, ऊन, माश्या. आधी मुलाला, मग मुलीला. नर्सबाई तालुक्यावरनं आली होती, तिनं सांगितलं, मीठ-साखर घालून पाणी पाजत राहा, उकळून, थांबू नका, जेवढं जातंय तेवढं आत गेलं पाहिजे. तो नेमका टँकर नसण्याचा दिवस. गावातली विहीर आटलेली. पाटलाच्या मळ्यावर मी गेले तर गड्यानं एक कळशी दिली आणि परत येऊ नको म्हणाला. ती कळशी दोघांना किती वेळ जाणार. सुमन वाटीनं एकदा याच्या तोंडात, एकदा तिच्या तोंडात. मुलगी गिळत होती. मुलाच्या तोंडातनं बाहेर यायला लागलं. तिचा नवरा तेव्हा लातूरच्या अडतीवर हमाली करत होता. सासऱ्यानं बैलगाडी जुंपली. गाडी औशाच्या रस्त्याला लागायच्या आतच पोरगं गेलं. गाडी तशीच परत फिरवली नाही, मुलीला घेऊन पुढं दवाखान्यात नेली, एवढी अक्कल सासऱ्याला होती. तिथं तिला सलाईन लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत पाठवलं, म्हणाले पाणी पाजत राहा.

पुरायला बाया जात नाहीत. पण घरी पुरुष एक म्हातारा सासरा. खणायला हात लागत होते. मी आणि काशीबाई गेलो. ओढ्याच्या काठाला जमीन इतकी कडक झाली होती की कुदळ उडायची. वरचा थर निघाल्यावर माती आम्ही हातानं काढली.

परत आलो तर सुमन मुलीला घेऊन छपरात बसलेली. घरी का गेली नाही, असं कुणी विचारू नये. त्या दिवशी टँकर येणार होता. घरी पाणी नव्हतं.

आणि टँकरच्या आधी जीप आली, आवाज न करता. साहेब उतरला, पिंपात डोकावला. टँकर दिवसाआड केल्यावर कसं चाललंय ते बघायला आला होता. पिंपाच्या तळाला थोडं गढूळ पाणी होतं. ते बघून त्याला बरं वाटलं असावं. मग त्यानं मला ते विचारलं, आणि मी ते उत्तर दिलं.

सवय लावावी लागते म्हणाला, तेव्हा मी म्हणाले, "पाण्याचं न्हाई साहेब, पोराचं म्हणले मी. सुमनचं पोरगं गेलं. आत्ता पुरून आलो."

त्यानं चष्मा काढला. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती, तो दोरा त्याच्या बोटात अडकला. तो सोडवत बसला.

"ते जुळ्यातलं?"

"हाव."

तो छपराकडं बघत राहिला. मग म्हणाला, "दोन होती ना?"

काशीबाई माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "हाव, साहेब. एक पुरे."

तेवढ्यात टँकर आला. मी पिंप भरू दिलं नाही. पाईप सरळ उचलला आणि आधी छपरावर धरला. पत्र्यावरनं वाफा निघाल्या. गोणपाटं, कूड, आत बसलेली सुमन, तिची मुलगी, सगळं भिजवलं. मुलगी पाणी अंगावर पडल्यावर रडली.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून टँकर रोज यायला लागला. कुणी अर्ज केला नाही, मोर्चा काढला नाही. त्यानं एक चिठ्ठी लिहिली असेल, पाकिटाच्या आतल्या बाजूवर. म्हणजे टँकर होता. तेल होतं. पाणी होतं. सगळं होतं. फक्त आम्हाला त्याची चटक लागू नये म्हणून ते लातूरला उभं होतं.

ड्रायव्हरनं मला सांगितलं, साहेबानं उपास धरलाय, पाण्यावर आहे, कुणाशी बोलत नाही. मला वाटतं त्याला खरंच वाईट वाटलं असेल. पण वाईट वाटल्यावरही त्याला सुचलं काय, तर आणखी कमी खायचं. त्याच्या उपासानं कुणाच्या लेकराच्या तोंडात पाणी गेलं नाही. सुमनच्या दाराशी तो आला नाही. पुढं बदली झाली, नांदेडला गेला, बढती मिळाली म्हणतात.

लोक मला म्हणतात, तो खाणारा तरी नव्हता. मी म्हणते, खाणारा चोरून खातो, त्याला भीती असते. याला कसलीच भीती नव्हती. आपण चांगलं करतोय, याची त्याला खात्री होती. तसल्या माणसापुढं तक्रार कुणाकडं करायची?

त्यानंतर मी त्याला एकदाच बघितलं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी. मी तेव्हा नातीकडं राहत होते. ती तिथं शाळेत शिकवायची, तिच्या शाळेत कार्यक्रमाला चहा करायला मला बोलवायचे. शाळेनं पाणी वाचवणारे आजोबा म्हणून एका म्हाताऱ्याचा सत्कार ठेवला होता. बघते तर हा. नांदेडहून परत येऊन लेकाकडं लातूरलाच राहत होता. पार वाळलेला, सदऱ्याची कॉलर उलटी. शाल दिली, नारळ दिला. त्यानं मुलांना ओल्या पंचाची अंघोळ सांगितली. पेज सांगितली. माझं काय बिघडलं, तेही सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग मी किटली घेऊन त्याच्यासमोर गेले. ओतायला लागले. अर्ध्या कपाला हात आडवा आला.

"पुरे."

मी ओतत राहिले. हात त्यानंच बाजूला घेतला, भाजेल म्हणून. कप काठोकाठ भरला, बशीत सांडला.

"आमच्यात पुरे म्हणलं की वाढत्यात, साहेब," मी म्हणाले.

त्यानं वर बघितलं. ओळखायला वेळ लागला नाही. बशीतला चहा तो आधी प्यायला, मग कपातला, सगळा. टाकून देणं त्याला जमणार नव्हतं. कप खाली ठेवून, आजूबाजूला कुणी ऐकत नाही असं बघून त्यानं विचारलं, "दुसरी आहे का?"

"हाय," मी म्हणाले, आणि पुढच्या खुर्चीकडं गेले.

मुलगी जगली. मंगल तिचं नाव. औशाला असते, तिला दोन पोरं आहेत. सुमनही जगली. ती मंगलकडंच राहते.